गल्ला वेगळा, खिसा वेगळा

जुलै लागला की माझ्या टेबलावर पिशव्या येऊ लागतात. कापडी, प्लास्टिकच्या, एखादी साडीच्या दुकानातली चकचकीत. आत वर्षभराची बिलं, बँकेच्या स्लिपा, लाइट बिल, पोराच्या शाळेची पावती, मेडिकलची बिलं आणि तळाशी कुणाची तरी लग्नपत्रिका. मागच्या वर्षी एका किराणा दुकानदाराने पिशवी उलटी केली, तर कागदांबरोबर सुपारीचं खांडही घरंगळत आलं. “साहेब, सगळं आहे त्याच्यात, बघून घ्या,” हे त्यांचं दरवर्षीचं वाक्य. खरंच सगळं होतं. फक्त मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्यांवरची अक्षरं उन्हाळ्यात उडून गेली होती. कोरे कागद. कुणाला किती दिले, ते त्यांनाही आठवेना.

तालुक्याच्या गावात मी छोट्या धंदेवाल्यांचे हिशेब लिहितो, रिटर्न भरतो. लोक येतात ते ‘टॅक्स वाचवा’ म्हणत. पण इतकी वर्षं पाहतोय, छोट्या माणसाचा पैसा करात फारसा जात नाही. तो विस्कटलेल्या हिशेबात जातो: दंड, व्याज, हुकलेलं कर्ज, विसरलेली उधारी. म्हणून टॅक्सच्या युक्त्या सांगण्याआधी माझी एकच हात जोडून विनंती असते. धंद्याचा गल्ला आणि घरचा खिसा वेगळा करा.

करायचं काय, तर धंद्याच्या नावाने बँकेत चालू खातं उघडा आणि दुकानात लावलेला क्यूआर त्याच खात्याचा ठेवा. विक्रीचा सगळा पैसा तिथे येऊ दे, मालाचे पैसे तिथूनच जाऊ देत. घरखर्चासाठी महिन्याच्या ठरलेल्या तारखेला एक रक्कम स्वतःच्या बचत खात्यात वळती करा. पगार समजा हवं तर. गल्ल्यातून भाजीला दोनशे, पोराच्या रिचार्जला तीनशे, ही सवय सुटायला दोन-तीन महिने लागतात. घरी कुरबुर होते, तीही थांबते.

हे एवढं कशासाठी, ते २०२५ च्या जुलैत बेंगळुरूत दिसलं. कर्नाटकच्या कर खात्याने यूपीआयवर जमा झालेले आकडे पाहून चहावाले, भाजीवाले, बेकरीवाले अशांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. घाबरून कित्येकांनी दुकानावर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. आता विचार करा. क्यूआर तुमच्या घरच्या खात्याचा असेल, तर त्यात विक्री आहे, मेहुण्याने परत केलेले हातउसने आहेत, भिशीचे पैसे आहेत, गावाकडून आलेले सोयाबीनचेही आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला ही सगळी तुमची विक्रीच दिसणार. ती नाही हे सिद्ध करायचं काम तुमच्या गळ्यात, आणि दोन वर्षांपूर्वीचे साडेसहा हजार कुणी कशाचे पाठवले हे कुणाला आठवतं? क्यूआर काढून टाकून काही साधत नाही. तो योग्य खात्याचा असला की पुरे.

यानंतर वही. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला चोपडीवर स्वस्तिक काढतात, हळद-कुंकू वाहतात, लाह्या-बत्तासे ठेवतात. पाडव्याला पहिल्या पानावर ‘श्री’ लिहितात. आणि पुष्कळांची ती वही पुढच्या दिवाळीपर्यंत त्या ‘श्री’पाशीच थांबलेली असते. रोजकीर्द आणि खतावणी शिका असं मी म्हणत नाही. ते आमचं काम. तुम्ही रोज दुकान बंद करताना पाच आकडे लिहा: सकाळी गल्ल्यात किती होते, रोख विक्री किती, ऑनलाइन किती, कुणाला किती दिले, शेवटी गल्ल्यात किती उरले. हिशेब जुळला नाही तर ‘फरक १४०’ असं लिहून मोकळं व्हा. जुळवायला म्हणून खोटा आकडा मात्र घालू नका.

आमच्याकडे पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक बाई येतात. त्यांनी वही कधी घेतलीच नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये जिथे आपण दुधाचे खाडे लिहितो, त्या तारखेच्या चौकोनात त्या निळ्या पेनाने रोख आणि लाल पेनाने ऑनलाइन विक्री लिहितात. पानाच्या मागच्या कोऱ्या कडेला गॅस, किराणा, मदतनीस बायकांचा पगार. पाडवा, एकादशी, चतुर्थी यांच्या अधूनमधून त्यांचे आकडे. वर्ष संपलं की पानं घडी घालून माझ्याकडे आणतात. तेलाचे डाग असतात, पण माझं काम अर्ध्या तासात उरकतं. सुपारीवाल्या शेठजींना मला तीन दिवस द्यावे लागतात आणि फीही तशीच लावावी लागते. त्या गुळगुळीत पावत्यांचा मिळाल्या दिवशीच मोबाइलवर फोटो काढून ठेवा, एवढं वर सांगतो.

आता टॅक्सचं. दोन कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या धंद्याला अंदाजित नफ्यावर रिटर्न भरता येतं. रोखीची विक्री एकूण विक्रीच्या पाच टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा तीन कोटी. बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर किमान सहा टक्के, रोख विक्रीवर किमान आठ टक्के नफा दाखवायचा. आम्ही याला ‘चव्वेचाळीस एडी’ म्हणत आलो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन आयकर कायदा २०२५ लागू झाला, कलमांचे क्रमांक बदलले आणि आमचं तीस वर्षांचं पाठांतर वाया गेलं. पण २०२५-२६ चं रिटर्न जुन्या कायद्यानेच भरायचं आहे.

इथे एक खोड आहे आणि तिच्यावर मला जरा जास्तच बोलायचं आहे. समजा तुमचं हार्डवेअरचं दुकान आहे, विक्री ३८ लाख. त्यातले २८ लाख ऑनलाइन, १० लाख रोख. सहा टक्क्यांनी १ लाख ६८ हजार, आठ टक्क्यांनी ८० हजार, मिळून २ लाख ४८ हजार. वर्षानुवर्षं लोक एवढंच दाखवतात आणि ‘बसवलं बरोबर’ म्हणून खूश होतात. खरा नफा मात्र साडेसहा लाख असतो. मुळात सहा आणि आठ टक्के ही कमीत कमी मर्यादा आहे. नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा, असं कायदाच सांगतो. ते घटकाभर बाजूला ठेवू. नव्या कर पद्धतीत २०२५-२६ साठी ४ लाखांपर्यंत कर नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के. आणि उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर होणारा ६० हजारांपर्यंतचा कर सवलतीत माफ. म्हणजे साडेसहा लाख खरे दाखवले असते तर कर १२,५०० निघाला असता आणि तो पूर्ण माफ झाला असता. अडीच लाख दाखवा की साडेसहा, कर शून्यच. मग लपवलं कशासाठी? तर अडीच लाखांच्या मर्यादेच्या जमान्यातली सवय म्हणून.

या सवयीची किंमत कळते ती बँकेत. दुकान वाढवायला किंवा घर बांधायला कर्ज मागायला गेलं की बँक तीन वर्षांची रिटर्न मागते. कागदावर महिन्याला वीस हजार कमावणाऱ्याला पंचवीस हजारांचा हप्ता झेपेल असं कोण म्हणेल? मग “साहेब, आता गेल्या दोन वर्षांचं जरा वाढवून भरता येईल का?” म्हणून माणूस माझ्यासमोर येऊन बसतो. तेव्हा हातातलं फार थोडं उरलेलं असतं. तीन वर्षांनी कर्ज हवं असेल, तर खरी रिटर्न भरायला आज सुरुवात करा. मोटार अपघाताच्या दाव्यातही कुटुंबाला मिळणारी भरपाई तुमच्या रिटर्नमधल्या उत्पन्नावर ठरते, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

ही १२ लाखांची माफी शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून झालेल्या नफ्यावरच्या खास दराच्या कराला मिळत नाही. तो कर वेगळा भरावा लागतो. उत्पन्न १२ लाखांच्या थोडंसंच वर गेलं, तर वरच्या रकमेइतकाच कर, त्यावर चार टक्के उपकर. अंदाजित नफ्यावर भरणाऱ्यांचा वर्षाचा कर दहा हजार किंवा त्याहून जास्त होत असेल, तर सगळा अगाऊ कर १५ मार्चपर्यंत भरायचा. नाहीतर व्याज लागतं. आणि एकदा ही अंदाजित नफ्याची पद्धत धरून पाच वर्षांच्या आत सोडली, तर पुढची पाच वर्षं परत घेता येत नाही. घरच्या नळासारखी चालू-बंद करायची नाही.

नोकरदारांना थोडक्यात सांगतो, कारण त्यांचं बरंचसं कंपनी बघते. नव्या पद्धतीत ७५ हजारांची सरसकट वजावट धरून पावणेतेरा लाखांच्या पगारापर्यंत कर नाही. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली असेल तर दोन्हीकडचे फॉर्म १६ हातात घ्या. दोन्ही मालकांनी तुम्हाला वजावट आणि खालचे टप्पे अख्खे दिलेले असतात, आणि रिटर्न भरताना तीस-चाळीस हजारांची खोट निघते. एफडीचं व्याज बँकेने टीडीएस कापला नाही म्हणून करमुक्त होत नाही. आयकराच्या पोर्टलवर तुमचं एआयएस, म्हणजे वर्षभराच्या व्यवहारांची जंत्री मिळते. रिटर्न भरण्याआधी ती उघडून बघा. तुमच्या आधी खात्याने ती बघितलेली असते. बायकोच्या नावावर तुमच्या पैशाने एफडी केली, तरी व्याज तुमच्याच उत्पन्नात धरतात.

जीएसटीचं विचाराल, तर महाराष्ट्रात निव्वळ माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या वर आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या वर नोंदणी लागते. यातली फसगत अशी: दुकानदाराची विक्री ३५ लाख, तो निवांत. पण बाजारपेठेत त्याचा एक गाळा भाड्याने दिलेला. गाळ्याचं भाडं ही सेवा. मग तो ‘निव्वळ माल विकणारा’ राहत नाही आणि त्याची मर्यादा २० लाखांवर येते. तसंच एकाच पॅनवर दोन दुकानं असतील तर दोन्हींची विक्री एकत्र धरतात. करमुक्त मालाची विक्रीही या बेरजेत येते. फक्त करमुक्त मालच विकणाऱ्याची गोष्ट वेगळी. दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्याला कंपोझिशन योजनेत एक टक्का भरून सुटता येतं, पण मग गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेता येत नाही आणि परराज्यात माल विकता येत नाही.

आणि हो, नोंदणी असेल तर बिलात घेतलेला जीएसटी तुमचा नव्हे. तो सरकारचा, तुमच्याकडे ठेवायला दिलेला. माणसं तो गल्ल्यात धरतात, त्यातून माल भरतात आणि वीस तारीख आली की धावाधाव. उशीर झाला की वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज आणि रोजाचं विलंब शुल्क. त्यासाठी एक तिसरं खातं काढा आणि दर आठवड्याला अंदाजाने तेवढी रक्कम तिकडे सरकवा. माल घेतानाही बघा: पुढच्याने त्याचं रिटर्न भरलं नाही, तर तुम्ही दिलेल्या जीएसटीची वजावट तुम्हाला मिळत नाही. पाच रुपये स्वस्त देणारा असा व्यापारी शेवटी अठरा रुपये बुडवतो. धंदा बंद केलाय? मग जीएसटी नंबर रद्द करा. दुकान बंद, शटरला गंज, आणि रिटर्नचा दंड मात्र चालूच, अशी प्रकरणं माझ्याकडे आहेत. व्यवसाय कराचे वर्षाचे २,५०० पण ३० जूनपर्यंत भरून टाका. रक्कम लहान असते, म्हणूनच ती विसरली जाते.

रोखीबद्दल तीन आकडे पाठ करा: दहा हजार, वीस हजार, दोन लाख. नियमित हिशेब ठेवणाऱ्याने एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिले, तर तो खर्च नफ्यातून वजा होत नाही. मालवाहतूकदारासाठी ही मर्यादा ३५ हजार. एकाच दिवशी एकाच माणसाला ९,९०० च्या तीन पावत्या करून काही साधत नाही, त्यांची बेरीज होते. वीस हजार किंवा त्याच्या वर हातउसने रोखीत घेऊ नका, फेडूही नका, सख्ख्या चुलत्याचे असले तरी. आणि दोन लाख किंवा जास्त रोख एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एका कार्यासाठी एकाच माणसाकडून स्वीकारू नका. मंडपवाले, केटरिंगवाले, फोटोवाले, हे खास तुमच्यासाठी. अशा प्रकरणांत जेवढी रक्कम तेवढाच दंड होऊ शकतो.

उधारी हा छोट्या कारखानदाराचा जुना आजार. एमआयडीसीत वेल्डिंग-फॅब्रिकेशन करणारी मंडळी मोठ्या कंपनीकडून चार-चार महिने पैसे येण्याची वाट बघतात, आणि मागायला गेलं तर पुढचं काम जाईल म्हणून गप्प राहतात. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी केली असेल, तर घेणाऱ्याला लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. शिवाय २०२३-२४ पासून त्यांनी तुमचं बिल मुदतीत दिलं नाही, तर पैसे देईपर्यंत त्यांना तो खर्च नफ्यातून वजा करता येत नाही. त्यामुळे मार्च उजाडला की त्यांचा अकाउंटंट स्वतःहून फोन करतो, “तुमचा उद्यम नंबर पाठवा.” ही नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. दोन हजार मागणाऱ्याकडे जाऊ नका. आणि प्रत्येक बिलावर तो नंबर छापा. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्याला मात्र या वसुलीच्या तरतुदीचा आधार मिळत नाही.

आता आमच्याच जातीबद्दल, म्हणजे कर सल्लागारांबद्दल. दोन वर्षांपूर्वी एक गॅरेजवाले आले. बँक खातं गोठवलेलं, तोंडाचं पाणी पळालेलं. पोर्टल उघडलं तर तीन नोटिसा वाट बघत पडलेल्या. यांना एकही मिळाली नव्हती, कारण प्रोफाइलमध्ये मोबाइल आणि ईमेल दोन्ही जुन्या सल्लागाराचे, आणि तो सल्लागार धंदा सोडून दुसऱ्या शहरात गेलेला. पहिल्या नोटिशीला उत्तर दिलं असतं तर एका पानाच्या खुलाशात प्रकरण मिटलं असतं. म्हणून आजच पोर्टलवर तुमचा स्वतःचा मोबाइल आणि ईमेल आहे का ते बघा. पासवर्ड तुम्हालाही ठाऊक हवा. नोटीस आली तर घाबरून टेबलाच्या खणात टाकू नका, तिच्यावरचा क्रमांक पोर्टलवर तपासता येतो. आणि “रिफंड काढून देतो, त्यातले दहा टक्के माझे” म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तो तुमच्या नावाने न दिलेल्या देणग्या आणि न भरलेले हप्ते दाखवतो, टक्के घेऊन जातो, आणि व्याज-दंडासकट परत भरायची वेळ आली की सही तुमची असते.

शेवटी घरचं. गल्ला वेगळा केला तरी एक वाट उघडी राहते: धंदा बुडाला तर घेणेकरी घरापर्यंत येतात. एकट्या मालकीच्या धंद्यात कायदा तुमच्यात आणि दुकानात फरक करत नाही. म्हणून टर्म इन्शुरन्स घेताना १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्या. फॉर्मबरोबर एक जोडपत्र भरायचं असतं, बस. मग ती रक्कम बायको-मुलांचीच होते, घेणेकऱ्यांना तिच्यावर हात टाकता येत नाही. हे पॉलिसी घेतानाच करावं लागतं, मागाहून होत नाही.

पैसे कुठे ठेवता तेही बघा. बँकेत, सहकारी बँकेतसुद्धा, एका ठेवीदाराच्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नसतं. पतसंस्थेत दीड-दोन टक्के जास्त मिळतात ते या जोखमीचे, हे समजून ठेवा. सगळी पुंजी एकीकडे ठेवू नका. २०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी बँकेच्या दाराशी लागलेल्या रांगा मुंबईकर विसरलेले नाहीत. खात्यांना नॉमिनी लावा, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे उचलून हक्काच्या माणसाला देणारा विश्वस्त. म्हणून दोन पानांचं मृत्युपत्रही हवं.

आणि एका कागदावर लिहा: खाती कुठे, पॉलिसी कुठली, कुणाकडून किती येणं, कुणाचं किती देणं, सल्लागाराचा नंबर कोणता. तो कागद कपाटात ठेवा आणि घरात कुणाला तरी दाखवा. पोळीभाजीवाल्या बाईंचं कालनिर्णय भिंतीवरच असतं, त्यांच्या सुनेला सगळं माहीत आहे. आमच्या सुपारीवाल्या शेठजींच्या मिसेसना विचारलं, तर त्यांना फक्त पिशवी कुठे लटकवलेली आहे ते ठाऊक आहे.